चूक कचेरीची, वसुली निराधार बाईकडून

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून बायका विहारातून घरोघरी निघाल्या, पण एक मावशी मागेच थांबल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा, निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या. पिशवीतून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात देऊन हळूच विचारले, "ताई, कोर्टाचा कागद आला का वं? मी का चोरी केली का?"

कागद कोर्टाचा नव्हता, तहसीलचा होता. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आपण अपात्र असताना १८ महिने अनुदान उचलले, दरमहा १५०० प्रमाणे २७,००० रुपये झाले, ते १५ दिवसांत भरा, नाहीतर जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करू, असा मजकूर होता. या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. तिच्या सासऱ्याच्या नावावर नव्हती, त्याच्या बापाच्याही नव्हती. पण थकबाकी मात्र जमीन महसुलाची!

मी त्यांना विचारले, मावशी, तुम्ही कचेरीत काही लपवले होते का? त्या म्हणाल्या, "दरसाली दाखले नेऊन देतो न मी. बाबू जे मांगते ते देतो." नंतर आम्ही फाईल पाहायला मागितली. फाईलमध्ये दोन्ही वर्षांचे उत्पन्नाचे दाखले व्यवस्थित लावलेले होते. पहिल्यावर ४८,००० रुपये, दुसऱ्यावर ५४,०००. योजनेची मर्यादा वर्षाला २१,०००. मावशींचा मुलगा कंत्राटी सफाई कामगार म्हणून लागला होता, त्यामुळे घरचे उत्पन्न वाढले होते, आणि ते त्यांनी जसे होते तसे कागदावर दिले होते. आता लक्षात घ्या, उत्पन्नाचा दाखला देतो कोण? तहसीलदार. निराधारचे अनुदान सोडते कोणते कार्यालय? तहसील. म्हणजे एकाच इमारतीतल्या एका टेबलाने लिहून दिले की या घराचे उत्पन्न ४८,००० आहे, आणि दुसऱ्या टेबलाने तो कागद न वाचता फाईलला टाचला. दीड वर्षाने तपासणी झाली, चूक सापडली, आणि ती चूक मावशींच्या नावावर कर्ज म्हणून चढवली गेली.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की सरकारच्या चुकीने गरिबाला गेलेला पैसा हे गरिबाचे कर्ज नाही. ते कर्ज आहे असे सरकार म्हणत असेल, तर त्यावर अपील करण्याचा आणि माफी मागण्याचा हक्क त्या माणसाला असला पाहिजे. तो हक्क आज आपल्याकडे लेखी स्वरूपात नाही. तो का नाही, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

दोन वेगळे प्रश्न

अशी नोटीस आली की वस्तीत दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, "भरून टाका बाप्पा, सरकारशी कोण भांडते?" दुसरी, "काही होत नाही, फाडून टाका." दोन्ही घातक आहेत. पहिलीने घर बुडते. दुसरीने मुदत निघून जाते, आणि मग तुम्ही गप्प राहिलात म्हणजे तुम्हाला मान्य आहे, असा अर्थ काढायला कचेरी मोकळी होते.

मुळात इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे ठेवले पाहिजेत. पहिला प्रश्न, हे देणे खरे आहे का? अपात्रता बरोबर ठरवली का, तारीख बरोबर धरली का, महिने बरोबर मोजले का, पैसे खरेच त्या खात्यात आले का, नियम कोणता लावला? हा अपिलाचा विषय आहे. दुसरा प्रश्न असा की देणे खरे आहे असे घटकाभर धरले, तरी ते या माणसाकडून वसूल करणे न्यायाचे आहे का? हा माफीचा विषय आहे. अपिलात आपण म्हणतो, तुमचा हिशेब चुकला. माफीत आपण म्हणतो, हिशेब बरोबर असेल, पण चूक माझी नाही आणि हे पैसे परत घेतले तर माझ्या घरची चूल विझेल. माफी मागणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की कचेरीचे काम सोपे होते. माणूस "साहेब, गरिबावर दया करा" असा अर्ज लिहितो आणि त्या अर्जातच देणे मान्य करून बसतो.

आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न विचारायला जागा कुठे आहे? महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर पहिले अपील, दुसरे अपील, त्यावर आयोग, अशी रचना त्यात आहे. म्हणजे उत्पन्नाचा दाखला उशिरा मिळाला तर तुम्ही पायरी पायरीने वर जाऊ शकता. पण त्याच दाखल्याकडे दुर्लक्ष करून कचेरीने तुम्हाला पैसे दिले आणि मग परत मागितले, तर त्या नोटिशीवर कोणापुढे, किती दिवसांत, कोणत्या नमुन्यात दाद मागायची हे लिहिलेले नसते. मावशींच्या नोटिशीत पैसे भरण्याची मुदत होती, हेडखाते होते, इशारा होता. अपिलाचे एक वाक्य नव्हते. ज्या योजना कायद्याने नव्हे तर शासन निर्णयाने चालतात, तिथे सरकारला द्यायचे स्वातंत्र्य असते, थांबवायचे असते, परत घ्यायचेही असते. घेणाऱ्याला फक्त हात पसरायचे स्वातंत्र्य असते. याला कल्याणकारी राज्य म्हणायचे की जुनी मायबाप सरकारची पद्धत म्हणायचे?

नोटीस टाइप करणाऱ्याला संरक्षण, नोटीस घेणारीला नाही

आता मी अशी गोष्ट सांगते जी सरकारी नोकरीतल्या आपल्या भावाबहिणींना चांगली माहीत आहे. १८ डिसेंबर २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात निकाल दिला. कर्मचाऱ्याला सरकारच्या चुकीने जास्त पगार गेला आणि त्यात त्याची लबाडी नसेल, तर काही परिस्थितींत तो वसूल करता येणार नाही, असे कोर्टाने सांगितले. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून वसुली नाही. निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून नाही. वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर नाही. वरच्या पदाचे काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल तर नाही. आणि जिथे वसुली अन्यायाची, कठोर किंवा मनमानी ठरेल अशा इतर प्रकरणांतही नाही. केंद्र सरकारने २ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनाने हे आपल्या खात्यांना कळवले. २०२२ मध्ये थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात एका निवृत्त शिक्षकाकडून होणारी वसुली कोर्टाने याच विचाराने रद्द केली. कर्मचाऱ्याचा त्या पैशावर हक्क आहे म्हणून नव्हे, तर वसुलीने त्याच्यावर जे संकट कोसळेल ते टाळण्यासाठी न्यायबुद्धीने हा दिलासा दिला जातो, अशी कोर्टाची भूमिका आहे.

हा निकाल चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिपाई, सफाई कामगार, लिपिक यांचा महिन्याचा पगार महिन्यालाच संपतो, तो मागाहून परत मागणे क्रूरपणा आहे, हे कोर्टाने ओळखले. पण मग विचार करा. मावशींची नोटीस ज्या लिपिकाने टाइप केली तो तृतीय श्रेणीत येतो. त्याला सरकारच्या चुकीने दोन वर्षे जास्त वेतनवाढ मिळाली असती, तर तो हा निकाल पुढे करून वसुली थांबवू शकला असता. आणि जिला महिन्याला १५०० रुपये मिळत होते, जिने तेल-मीठ आणि औषधगोळी यापलीकडे त्यातून काही घेतले नाही, तिच्यासाठी तोच युक्तिवाद कोणी करत नाही.

हा निकाल नोकरीच्या प्रकरणांतला आहे, योजनेच्या लाभार्थ्यांना तो आपोआप लागू होत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला विचार नोकरदारांची मक्तेदारी कसा असू शकतो? ज्याची ऐपत कमी, त्याच्यावर वसुलीचा घाव जास्त, हा तो विचार आहे. मग ज्याची ऐपत शिपायापेक्षाही कमी, त्याला तो आधी लागू व्हायला हवा. संविधानाचे कलम १४ समानता सांगते. कलम ४१ बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्वात सरकारी साहाय्य देण्यास राज्याला सांगते. कलम ४६ दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे, सामाजिक अन्यायापासून रक्षण करायला सांगते. ही कलमे एकत्र वाचा आणि सांगा, लिपिकाला दिलेला दिलासा निराधार विधवेला नाकारण्याचे कोणते कारण उरते?

"पण तुम्ही हमीपत्र दिले होते"

याला कचेरीचे तयार उत्तर असते, तुम्ही हमीपत्रावर सही केली होती. हे उत्तर हलके समजू नका. २०१६ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटले की जास्त रक्कम मिळाल्यास परत करीन अशी हमी दिली असेल तर ती पाळावी लागेल. पण ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचे होते. कायदा शिकलेल्या, न्यायासनावर बसलेल्या माणसाने वाचून केलेली सही आणि सेतू केंद्राच्या खिडकीत बारा कागदांच्या गठ्ठ्यावर उमटवलेला अंगठा, या दोन्हींची किंमत एकच कशी धरायची? मावशींना हमीपत्रात काय लिहिले होते हे कोणी वाचून दाखवले नव्हते. आणि समजा वाचून दाखवले असते, तरी त्यांनी हमी कशाची दिली होती? माहिती खरी देईन याची. ती त्यांनी पाळली. दाखले खरे होते. ते वाचण्याची हमी कचेरीची होती, ती कोणी पाळली नाही.

दुसरे उत्तर असते, हा जनतेचा पैसा आहे. बरोबर आहे. मावशी काडेपेटी विकत घेतात तेव्हा त्याही कर भरतात, त्या जनतेतच येतात. पण जनतेच्या पैशाची ही काळजी सगळीकडे सारखी दिसते का? मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की मागच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी १६.३५ लाख कोटी रुपयांची बुडीत कर्जे राइट-ऑफ केली. लगेच कोणी म्हणेल, राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते. मला ते ठाऊक आहे. मोठ्या कर्जदाराकडे वसुलीला जाताना बँक वाटाघाटी करते, एकरकमी तडजोड करते, दिवाळखोरीच्या कायद्यात देणेकरी आपल्या रकमेचा मोठा वाटा सोडून देतात, आणि याला अर्थशास्त्रातला शहाणपणा म्हणतात. कर्जदाराच्या बाजूने वकिलांची फौज असते, लवाद असतात, अपिले असतात. निराधार बाईच्या वाट्याला १५ दिवस आणि एक धमकी. मी तिच्यासाठी उद्योगपतीपेक्षा जास्त मागत नाही. तेवढी प्रक्रिया द्या, एवढेच मागते.

तिसरे उत्तर, मग सगळेच खोटे दाखले देतील. ज्याने जाणूनबुजून खोटे दिले त्याची गोष्ट वेगळी आहे. नोकरदार पुरुषाने बायकांच्या योजनेत नाव घातले असेल, तर जरूर वसूल करा, माझा विरोध नाही. पण लबाडी आणि चूक यांच्यात फरक करायचा असेल तर कोणीतरी बसून ऐकून घेतले पाहिजे. ऐकूनच घ्यायचे नाही, यादी संगणकातून काढायची आणि सर्वांना एकच नोटीस पाठवायची, तर फरक होणार कसा? १९६७ च्या बीनापाणी डेई प्रकरणापासून सुप्रीम कोर्ट सांगत आले आहे की प्रशासकीय आदेशानेही माणसाच्या हक्कांवर परिणाम होत असेल तर त्याची बाजू ऐकली पाहिजे. साठ वर्षे होत आली, ते तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोचलेले नाही.

अपात्रता कुठून तयार होते

आता त्या २१,००० च्या मर्यादेकडे या. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १७५०, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये, तेही सगळ्या कुटुंबाचे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. त्या दराने त्याच सरकारच्या रोजगार हमीवर घरातले एक माणूस ६८ दिवस गेले की ही मर्यादा ओलांडली जात होती. तेव्हाच्या रोजगार हमी कायद्याने १०० दिवसांच्या कामाची हमी दिलेली होती, पण ते १०० दिवस काम केले तर ३१,२०० रुपये होत होते आणि घर निराधारमधून बाहेर पडत होते! म्हणजे मर्यादेत राहायचे तर काम करू नका, किंवा केलेले काम लपवा. गरिबाला लबाड बनवणारा नियम सरकारने लिहिला, आणि मावशींसारखी बाई त्या नियमापुढेही खरे बोलली, तर तिलाच लबाड ठरवले.

आणि हे प्रकरण निराधारपुरते थांबणारे नाही. पीएम-किसानमध्ये अपात्र ठरलेल्यांना तहसीलमधून पैसे परत करण्याच्या नोटिसा गेल्याच आहेत. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये घाईघाईने सुरू झाली, तेव्हा अर्ज भरून घेण्याची शर्यत लागली होती. जुलै २०२५ मध्ये मंत्र्यांनी सांगितले की २६.३४ लाख लाभार्थ्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. मी ज्या वस्त्यांत जाते तिथे बायका तेव्हापासून एकच विचारतात, "ताई, मागचे पैसे परत मागतील का?" मत मागताना ओवाळणी आणि छाननी करताना थकबाकी, असे होणार असेल तर नियम आत्ताच लेखी करून घेतले पाहिजेत.

बाहेरच्या देशांत काय झाले

दुसरीकडे हे घडून गेले आहे, म्हणून त्याकडे पाहायचे. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर सरकारने संगणकाला कामाला लावले. वर्षाच्या एकूण कमाईला पंधरवड्यांनी भागायचे, आणि त्या सरासरीवरून माणसाने भत्ता जास्त घेतला असे ठरवून थेट कर्ज लावायचे. कर्ज चुकीचे आहे हे सिद्ध करायची जबाबदारी गरिबावर, त्यासाठी अनेक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणा. लोक याला रोबोडेट म्हणू लागले. २०२१ च्या फेडरल कोर्टाच्या निकालात नोंद आहे की सुमारे ४ लाख ३३ हजार लोकांवर किमान १७३ कोटी डॉलरचे असे कर्ज लावले गेले आणि सुमारे ३ लाख ८१ हजार लोकांकडून ७५ कोटी डॉलर वसूलही झाले. ते सगळे बेकायदेशीर ठरले. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्यावर अहवाल दिला. म्हणजे लाखो लोकांनी जे कर्ज फेडले ते कर्जच नव्हते. पाठीशी वकील नव्हता, सरकार चुकणार नाही असा विश्वास होता, म्हणून त्यांनी ते फेडले.

नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या भत्त्याच्या नावाखाली हजारो आई-बापांना लबाड ठरवून सगळी रक्कम परत मागितली गेली. अर्जातल्या किरकोळ त्रुटीसाठी घरे उद्ध्वस्त झाली. कोणाची फाईल संशयित समजायची हे ठरवताना माणसाचे नागरिकत्व पाहिले गेले, हे तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये दाखवून दिले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. संशय कोणावर घ्यायचा हे माणसाच्या जन्मावरून ठरते, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको.

अमेरिकेत सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात माफीची तरतूदच लिहिलेली आहे. ज्याचा दोष नाही, आणि ज्याच्याकडून वसुली केल्याने योजनेचा हेतूच हरपेल किंवा न्यायबुद्धीला बाधा येईल, त्याच्याकडून वसुली करायची नाही. कर्ज अमान्य असेल तर फेरविचाराचा अर्ज ६० दिवसांत. कर्ज मान्य पण झेपत नसेल तर माफीचा अर्ज वेगळा. तिथेही सगळे आलबेल नाही, हप्ता किती कापायचा यावर सरकार बदलले की नियम बदलतो. पण निदान माणसाच्या हातात एक नमुना आहे, ज्यावर तो लिहू शकतो की यात माझा दोष नाही. आपल्याकडे तो नमुनाही नाही.

आपल्यातल्या शहाण्यांना दोन शब्द

या विषयावर मी एका बैठकीत बोलले तेव्हा आपल्याच एका सुशिक्षित बंधूंनी सुनावले, "ताई, बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला. सरकारच्या दीड हजारासाठी भांडत बसू नका." हे बंधू नोकरीत आहेत, आणि त्यांच्या कार्यालयात वेतननिश्चितीची चूक निघाली तेव्हा त्यांच्या संघटनेने रफीक मसीहचा निकाल काढून वसुली थांबवली होती. तो त्यांचा हक्क झाला. मावशींनी तेच केले तर लाचारी?

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. दोन्हीकडे प्रश्न एकच होता, कोण कोणाचे देणे लागतो. महाराने रात्री-अपरात्री सरकारचे काम करायचे, आणि पोटाला गावाच्या दयेवर अवलंबून राहायचे. बाबासाहेब म्हणत होते की काम सरकारचे आहे तर मोबदला सरकारने द्यावा. दया नको, लेखी हक्क हवा, हाच त्यांचा स्वाभिमान होता. मावशींचे आजे-पणजे ज्या राज्याची फुकट राबणूक करत मेले, ते राज्य आज त्यांच्या नातसुनेला सांगते की तू आमचे २७,००० देणे लागतेस. हिशेबच काढायचा असेल तर पूर्ण काढू. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती १४ एप्रिलच्या भाषणांत आपण वाचतो आणि १५ तारखेला विसरतो.

नोटीस आली तर काय करायचे

नोटीस घ्या, नाकारू नका. घेतल्याची तारीख लिहून ठेवा. कोणत्याही कबुलीवर, संमतीवर सही किंवा अंगठा देऊ नका. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला तीही फी नाही. त्यात अपात्रतेचा आदेश, महिनेवार हिशेब, लावलेला नियम आणि आपली पूर्ण फाईल मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि नोटिशीची १५, म्हणून फाईलची वाट पाहत बसू नका. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

उत्तराचे दोन भाग करा. पहिल्या भागात, हे देणे मला मान्य नाही आणि त्याची कारणे. दुसऱ्या भागात, पहिल्या भागातला हक्क राखून, देणे आहे असे धरले तरी ते माफ करावे, कारण माहिती मी खरी दिली होती, चूक कार्यालयाची होती, पैसे पोटापाण्यावर खर्च झाले आणि परत दिल्यास घरात काही उरत नाही. घरचा महिन्याचा जमाखर्च सोबत जोडा. निर्णय होईपर्यंत वसुलीला स्थगिती मागा, तोंडी सुनावणी मागा, आणि निर्णय कारणांसह लेखी द्या असे लिहा. कचेरी ऐकत नसेल तर उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अपंगांना मोफत वकील मिळतो, तालुका न्यायालयात त्याची समिती असते. त्यापुढे उच्च न्यायालय आहे. आणि काहीही झाले तरी हे पैसे भरायला गटाचे, फायनान्सचे कर्ज काढू नका. आमच्याकडे एक बाप्पू येण्याआधीच फायनान्सकडून उचल करून भरून आला होता. सरकारचे बिनव्याजी देणे त्याने आठवड्याच्या हप्त्याच्या व्याजी कर्जात बदलून घेतले.

आणि मागणी म्हणून आपण एकत्र काय मागायचे? एक, प्रत्येक वसुली नोटिशीवर अपील कोणाकडे आणि किती दिवसांत हे छापा. दोन, अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली नाही. तीन, जिथे माहिती खरी होती आणि चूक कार्यालयाची होती, तिथे वसुली नाही, हे शासन निर्णयात लिहा. चार, उत्पन्नाची मर्यादा निदान रोजगार हमीच्या १०० दिवसांच्या मजुरीच्या वर न्या.

मावशींचे उत्तर आम्ही मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिले. पोच घेतली. वसुलीला कोणी आले नाही, माफीचा आदेशही आला नाही. अनुदान मात्र बंद आहे. मुलाचा ठेकेदार कधी दोन महिन्यांनी पैसे देतो, कधी तीन. त्या परवा विहारात भेटल्या तेव्हा पिशवीत तो कागद तसाच होता, त्याला आमच्या उत्तराची पोच टाचलेली. म्हणाल्या, "आता कोणी इचारलं तर हे दाखवतो. मी चोरी नाई केली, असं लिहिलं न याच्यात?"

लिहिले आहे, मावशी. आता ते सरकारकडून लिहून घ्यायचे आहे.

जय भीम.